‘हार्पर्स वीकली’चं सुटं मूळ पान: विकत घेताना काय पाहावं

न्यूयॉर्कचं ‘हार्पर्स वीकली’ हे सचित्र साप्ताहिक १८५७ साली सुरू झालं. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातली त्याची सुटी पानं आजही जुन्या चित्रांच्या विक्रेत्यांकडे आणि ऑनलाइन मिळतात. ती जरूर घ्यावीत, फक्त रंगवलेलं पान घेऊ नये. हे साप्ताहिक काळ्या शाईत छापलं जाई. रंग नंतर कुणीतरी हाताने भरलेला असतो आणि ज्या रेषांसाठी आपण पैसे मोजतो त्याच त्याखाली दबतात.

त्या रेषा बॉक्सवुडवर कोरलेल्या. या झाडाचं खोड बारीक, त्यामुळे आडव्या छेदाचा ठोकळा जेमतेम काही इंचांचा. म्हणून अनेक ठोकळे मागून नट-बोल्टने जोडून पानभर पृष्ठभाग करायचे आणि त्यावर चित्र उलटं काढायचे. मग बोल्ट सोडून एकेक तुकडा एकेका कारागिराला द्यायचा. सांध्यावरून जाणाऱ्या रेषा मुख्य कारागीर आधीच कोरून ठेवी, नाहीतर शेजारचे तुकडे जुळत नसत. एकट्याला कित्येक दिवस लागणारं काम त्यामुळे बातमी ताजी असतानाच हातावेगळं होई. तुकडे पुन्हा जोडल्यावर सांध्यात फट राहिली की छपाईत पांढरी सरळ रेघ उमटे. आकाशात किंवा पाण्यात ती चटकन सापडते. तिच्या दोन्ही बाजूंच्या रेषांचा दाटपणाही कधी बदललेला दिसतो. विक्रेते याला दोष म्हणतात. आमच्या मते अशी रेघ असलेलं पान आधी उचलावं.

ठोकळ्याची उंची खिळ्यांइतकी, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांइतकी, असल्याने चित्र आणि मजकूर एकत्र छापता येई. फोटोची तशी सोय नव्हती. म्हणून १८ ऑक्टोबर १८६२ च्या अंकात याच युद्धातल्या अँटिएटमच्या रणभूमीचे, छायाचित्रकार ब्रेडींच्या स्टुडिओचे फोटो रेषांत कोरून आले. करड्या छटांचं रेषांत रूपांतर कसं होतं, हे शिकायला याहून चांगलं जोडपान (समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं चित्र) आमच्या माहितीत नाही. चित्रकार विन्स्लो होमरचा झाडावरचा नेमबाज (१५ नोव्हेंबर १८६२) चित्र म्हणून सरस, पण त्याच्या नकला भरपूर.

नक्कल ओळखायला दहापट भिंग पुरे. ठिपक्यांची जाळी दिसली तर ते हाफटोन, म्हणजे छटा ठिपक्यांत फोडून छापलेलं, पुनर्मुद्रण. अस्सल पानावर सलग, भरीव रेषा दिसतात. मग पान उलटून पाहावं. सोळा पानी अंकात चित्रं मुख्यतः १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ या पानांवर, म्हणजे मोठ्या तावाच्या एकाच बाजूला येत. त्यामुळे चित्रामागे मजकूर हवाच. पाठ कोरी असेल तर घेऊ नका.

१८६०च्या दशकातला कागद चिंध्यांचा, अजून लवचीक असतो. पुढच्या काळातला लाकडाच्या लगद्याचा कागद तपकिरी पडून घडीवर तुटतो. ८-९ हे जोडपान अंकाच्या मधोमध येतं, त्यामुळे शिलाईची भोकं चालतील. बांधणीत समास कापताना चित्राची कड गेली असेल तर किंमत निम्म्याने तरी कमी करून मागावी. पुठ्ठ्यावर चिकटवलेलं किंवा लॅमिनेट केलेलं पान फुकट मिळालं तरी नको. फ्रेम करताना आम्लरहित माउंट आणि गव्हाच्या खळीने लावलेल्या कागदी पट्ट्या वापराव्यात. सेलोटेपचा डाग कागदातून निघत नाही.