४२ पायऱ्या आणि आमचं बिऱ्हाड

गेल्या मे महिन्यात आम्ही चिपळूण सोडलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, तेव्हापासून प्रत्येक जूनमध्ये फ्रिज टेबलावर आणि गाद्या माळ्यावर चढवायचा मला वीट आला होता. हे रिटायर झाले आणि रत्नागिरीला भाट्ये पुलापलीकडच्या सासरच्या जुन्या घरी जायचं ठरलं.

सामान हलवणारे पाच जण फोनवर मिळाले. चौघांनी 'टू बीएचके का? मग इतके' असं म्हणून तिथल्या तिथे आकडा सांगितला. पाचव्याने आकडा सांगितलाच नाही. "काकू, तिकडे गाडी दारात लागते की पाखाडी आहे?" एवढं विचारलं. मी तिथेच अर्धी राजी झाले. आमचं घर रस्त्याखाली वाडीत आहे आणि मध्ये जांभ्याच्या ४२ पायऱ्यांची पाखाडी. ही गोष्ट ज्याला विचारावीशी वाटत नाही, तो गोदरेजचं कपाट रस्त्यावर ठेवून निघून जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

फोनवर सांगितलेल्या दराला मी का घाबरते, तेही सांगते. दहा वर्षांपूर्वी ठाण्याहून चिपळूणला आलो तेव्हा इंटरनेटवर एक कंपनी शोधली होती. नाव ऐकल्यासारखं वाटलं, म्हणून विश्वास टाकला. १७,००० ठरले. सामान भरून झालं आणि महाडला गाडी थांबवून ड्रायव्हरचा फोन आला, की सामान जास्त निघालं, आणखी ६,००० टाका, मग गाडी हलेल. टाकले. काय करणार, सासूबाईंची औषधंसुद्धा त्याच गाडीत होती! वर विम्याचे म्हणून ३ टक्के घेतले होते. ड्रेसिंग टेबलचा आरसा तडकलेला निघाला तेव्हा पॉलिसी नंबर मागितला, तर पॉलिसीच नव्हती. पावतीवरचं नावही वेबसाइटवरच्या नावापेक्षा एका शब्दाने वेगळं होतं, ते तेव्हा कुठे दिसलं.

भाचा वकील आहे. त्याने नंतर सांगितलं, की रस्ता वाहतुकीच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत द्यायची असते. आम्ही सात महिने नुसते फोन करत बसलो होतो. शिवाय सामानाची किंमत सांगून जादा दर भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच. म्हणून या वेळी बिल्टीवर, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीवर, कंपनीचं नाव, जीएसटी नंबर आणि सामानाची किंमत लिहून घेतल्याशिवाय मी सुतळीलासुद्धा हात लावू दिला नाही.

तर हा पाचवा. दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून वही घेऊन आला. माळा उघडून बघितला, पलंगाखाली वाकला, पाटा-वरवंटा हलवून बघितला आणि "हा एकट्याचा नाही" म्हणाला. चौदा फुटी आयशर ट्रक आमच्या गल्लीत वळणार नाही, टाटाचा छोटा ४०७ आणतो म्हणाला. कागदावर १८,५०० लिहिले. त्यात गाडी, चार माणसं, खोकी-बबल रॅप आणि पाखाडी उतरवायचे २,००० वेगळे दाखवलेले. आगाऊ फक्त ३,०००. दोघांचा भाव याच्यापेक्षा ४,००० कमी होता, पण त्यात पाखाडी नव्हती. भरलेला गॅस सिलिंडर घेणार नाही हेही त्याने आधीच बजावलं. तो आम्ही एजन्सीत जमा करून ट्रान्सफरचा कागद घेतला. कोकमाच्या आगळाच्या बाटल्यांना तर तो नाहीच म्हणत होता. शेवटी "तुमच्या जबाबदारीवर" म्हणून पेंढ्यात बसवल्या. त्यातली एक फुटली आणि गादीवर लाल नकाशा उमटला. बूच मीच लावलं होतं, त्यामुळे गप्प बसले.

तक्रारी आहेत. सकाळी सहाला येतो म्हणाला आणि पावणेआठला आला. पुस्तकं एवढ्या मोठ्या खोक्यात भरली, की दोघांना उचलेना. मग मीच बसून अर्धी काढली. आणि त्याचा एक माणूस सतत फोनवर.

पण गाडी पिवळ्या पाटीची होती, एमएच ०८, आणि बिल्टीवरचा नंबर तोच होता. आरवलीच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं आणि संगमेश्वरला वळीव आला. मी मागून रिक्षात, जीव मुठीत धरून. ताडपत्री दुहेरी बांधली होती. आगळाची गादी सोडली तर एक खोकं भिजलं नाही.

खरी परीक्षा पायऱ्यांची. कपाटाची दारं काढली, पाठीला गोणपाट बांधलं आणि वाशाला दोराने टांगून चौघांनी खाली आणलं. मधल्या वळणावर फणसाची फांदी आडवी येते. तिथे मुकादम खाली उभा राहून एकेक पायरी मोजून सांगत होता. लोणच्याच्या बरण्या त्यांनी सगळ्यात शेवटी, डोक्यावरून नाही, हातात धरून आणल्या. फ्रिज उभाच ठेवला आणि दोन तास लावू नका म्हणाले. बाकीचे पैसे सगळं उतरल्यावर, वहीत एकेक वस्तू खोडून झाल्यावर घेतले.

रात्री लक्षात आलं, की झोपाळ्याची एक पितळी कडी चिपळूणलाच राहिली. फोन केला. उचलला, हेच मला नवल! तिसऱ्या दिवशी त्याने ती चिपळूण-रत्नागिरी एसटीच्या कंडक्टरकडे दिली आणि हे स्टँडवर जाऊन घेऊन आले. त्याचे पैसे त्याने घेतले नाहीत. तोवर झोपाळ्याची फळी पडवीत जमिनीवरच होती आणि सासूबाई दुपारी तिच्यावरच बसून सुपारी कातरत होत्या.