फन होम : मध्यंतराशिवायचं संगीत नाटक

आधी कामाची गोष्ट. ‘फन होम’ला मध्यंतर नाही. साधारण पावणेदोन तास सलग चालतं. मध्यंतरातल्या वड्यावर जीव असणाऱ्यांनी (मी त्यातलाच) घरून खाऊन निघावं.

आमची मुलगी न्यू जर्सीत पार्सिपनीला राहते. तिथून जवळच एका छोट्या संस्थेने हे नाटक लावलं होतं. शंभर-सव्वाशे खुर्च्या, पडदा नाही, रंगमंचाच्या एका कडेला वादक बसलेले. मुलीने तिकिटं काढली तेव्हा तिची आई म्हणाली, “अहो, इंग्रजी गाणी आहेत, तुम्ही घोराल.” मी सांगलीत बरीच वर्षं हौशी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली आहे. समोर कोणी गात असेल तर मला झोप लागत नाही, मग भाषा कुठलीही असो.

गोष्ट खरी आहे. ॲलिसन बेकडेल ही अमेरिकेतली चित्रकथाकार. तिने २००६ साली स्वतःच्या घराची हकिकत चित्रांतून सांगितली. पेनसिल्व्हेनियातलं बीच क्रीक नावाचं छोटं गाव. वडील ब्रूस शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि घराण्याचं अंत्यसंस्काराचं दुकानही चालवायचे. त्या ‘फ्युनरल होम’ला पोरं लाडाने ‘फन होम’ म्हणायची. मुलगी कॉलेजात गेल्यावर तिला उमगतं की आपल्याला बायका आवडतात. ती घरी पत्राने कळवते आणि मग आईकडून समजतं की वडिलांचेही आयुष्यभर पुरुषांशी संबंध होते. पुढे काही महिन्यांत, १९८० साली, वडील ट्रकखाली सापडून जातात. अपघात नव्हे, त्यांनी जीव दिला, असं मुलगी मानते.

हे सगळं नाटक पहिल्या काही मिनिटांतच सांगून टाकतं. लपवाछपवी नाही. त्यामुळे पुढे ‘काय झालं’ याची उत्सुकता उरत नाही आणि ‘कसं झालं’ यावर लक्ष राहतं.

संहिता आणि पदं लिसा क्रॉनची, संगीत जनीन टेसोरीचं. २०१३ला न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये आलं, २०१५ला ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या बड्या व्यावसायिक रंगभूमीवर गेलं आणि पाच टोनी (तिकडची नाटकांची मानाची बक्षिसं) घेतले, त्यात सर्वोत्कृष्ट म्युझिकलचाही. संगीत-पदांचा टोनी केवळ बायकांच्या जोडीला मिळण्याची ती पहिलीच वेळ. पण मी बक्षिसांवर जात नाही. बक्षिसं मिळालेली किती नाटकं मी पेटीमागे बसून जांभया देत वाजवली आहेत.

रंगमंचावर ॲलिसन तीन आहेत. एक आठ-नऊ वर्षांची, एक कॉलेजातली आणि एक त्रेचाळीस वर्षांची, जी टेबलाशी बसून चित्रं काढते. ही मोठी ॲलिसन सबंध नाटकभर तिथेच असते. जुने प्रसंग बघते, चित्राखाली काय लिहावं ते मोठ्याने बोलून पाहते, मग खोडते. सूत्रधार म्हणावं तर सूत्रधाराला सगळं ठाऊक असतं, हिला नाही. आपल्याच बापाकडे ती आडून बघत असते.

आता गाण्यांबद्दल, कारण माझा जीव तिथेच. आपल्याकडे पद आलं की कथानक हात जोडून बाजूला उभं राहतं. रसिकांचा ‘वन्स मोअर’ झाला तर आणखी पाच मिनिटं उभं राहतं. इथे पद काढलं तर गोष्टच कळणार नाही. ‘रिंग ऑफ कीज’ घ्या. छोटी ॲलिसन वडिलांबरोबर एका खानावळीत बसली आहे. सामान पोचवायला एक बाई येते. आखूड केस, डंगरी, लेस बांधलेले बूट आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बस्स, एवढंच घडतं. बाई निघून जाते, एक शब्द बोलत नाही. पण त्या पोरीला आयुष्यात पहिल्यांदा आपल्यासारखं कोणीतरी दिसतं, आणि ते काय दिसलं ते सांगायला तिच्याकडे शब्द नाहीत. टेसोरीने तिथे काय केलं आहे? पोर वाक्य सुरू करते आणि मध्येच थांबते. चाल पुढे सरकत राहते, शब्दाची जागा रिकामी जाते, पुन्हा सुरुवात, पुन्हा थांबा. साथीदाराला अशा जागी हात शिवशिवतो, भरणा करावासा वाटतो. इथल्या वादकांनी ती जागा रिकामीच ठेवली. शाबास! गाणारी मुलगी दहा-अकराची असेल. वरच्या स्वराला थोडी फाटली, पण तेच बरं वाटलं. फार घोटीव गळा तिथे खोटा ठरला असता.

कॉलेजातल्या ॲलिसनचं ‘चेंजिंग माय मेजर’ खुसखुशीत आहे. जोन नावाच्या मैत्रिणीबरोबर पहिली रात्र काढल्यावर ही पहाटे ठरवते की आता पदवीचा विषयच बदलायचा, विषय : जोन. प्रेक्षागृह खळखळून हसलं, आमच्या हिच्यासकट.

आमची मुलगी म्हणते ‘रिंग ऑफ कीज’ सगळ्यात वरचं. माझं मत ‘टेलिफोन वायर’ला. बाप-लेकीची शेवटची गाडीतली फेरी. दोघांनाही एकमेकांबद्दल सगळं कळलेलं आहे आणि बोलणं मात्र होत नाही. या प्रसंगात कॉलेजातली ॲलिसन नसते. वडील हाक मारतात ती थेट त्रेचाळीस वर्षांच्या ॲलिसनला, आणि ती टेबल सोडून गाडीत जाऊन बसते. नाटकभर बघत बसलेली बाई आता स्वतः आठवणीत शिरते, पण तिथेही तिला काही बदलता येत नाही. बाहेर तारा, दिवे मागे पळतात, खाली एकच स्वराकृती फिरत राहते आणि ती मनात म्हणत राहते की आता बोल, पुढच्या दिव्यापर्यंत तरी काही बोल. वडील जरा बोलतात, थांबतात. रस्ता संपतो. मी कित्येक शोकपदं वाजवली, पण न झालेल्या बोलण्याचं पद यापूर्वी ऐकलं नव्हतं.

आणखी एक जागा आम्हाला अगदी घरची लागली. ‘मॅप्स’ या पदात ॲलिसन गावाचा नकाशा काढते आणि म्हणते की घरापासून चार मैलांवरून आय-ऐंशी हायवे जातो, थेट सान फ्रान्सिस्कोपासून न्यूयॉर्कच्या दिशेने, म्हणजे पुरुषांना पुरुषांवर उघड प्रेम करता येत होतं अशा दोन वस्त्यांच्या मधून. बाप त्या रस्त्याने कधी गेलाच नाही. आम्ही त्याच आय-ऐंशीवरून नाटकाला आलो होतो. मुलगी रोज त्यावरूनच ऑफिसला जाते आणि ट्रॅफिकला शिव्या घालते.

नाटक बापाला साधूही करत नाही आणि पापीही. तो घर राजवाड्यासारखं सजवतो, पोरीला केसांत क्लिप लावायला लावतो, रागावला की घर थरथरतं. आणि कोवळ्या मुलांच्या मागे लागतो, तेही नाटक झाकत नाही. इथल्या नटाने मात्र पहिल्या प्रवेशापासून डोळे वटारायला घेतले. ब्रूस मोहक हवा, नाहीतर बायको वीस वर्षं का राहिली ते पटत नाही. शेवटच्या ‘एजेस ऑफ द वर्ल्ड’मध्ये हाच नट इतका कोसळला की मी त्याला अर्धं माफ केलं.

आईचं काम करणारी बाई अव्वल. आतल्या खोलीत नवऱ्याचं दुसऱ्या पुरुषाशी काहीतरी चाललं आहे आणि ही बाहेर पियानोचा रियाज करते आहे. हात चुकत नाही. पुढे ‘डेज अँड डेज’मध्ये ती मुलीला सांगते की दिवसांमागून दिवस असे गेले, तू इथे परत येऊ नकोस. बायको तिथे चष्मा पुसत होती. घोरण्याचा विषय परत निघाला नाही.

नावडलेलं एकच पद, ‘रेनकोट ऑफ लव्ह’. टीव्हीवरच्या सुखी कुटुंबांची टिंगल आहे हे कळतं, पण दोन कडव्यांतच कळतं. पोरांचं शवपेटीभोवतीचं जाहिरातगीत त्याच जातीचं असून कितीतरी झकास आहे. आणि ध्वनिव्यवस्था! एवढ्याशा जागेत सगळ्यांच्या गालाला माइक कशाला? ड्रम वाजले की शब्द बुडायचे.

नाटक बघताना मला तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ राहून राहून आठवत होतं. आपल्या रंगभूमीने १९८१ सालीच बाईवर प्रेम करणारी बाई उभी केली होती, हे आपण विसरतो. पण मित्रा नावाच्या त्या बाईची गोष्ट तिचा मित्र बापू सांगतो, आणि मित्रा शेवटी उरत नाही. इथे ॲलिसन स्वतः सांगते, जगते, वयाने बापाएवढी होते आणि मग त्याचं चित्र काढायला बसते. मुलीला मी हे गाडीत सांगितलं तर म्हणाली, “बाबा, मराठीत करा ना हे.” करता येईल. तीन वयांच्या तीन गाणाऱ्या मुली सांगलीत आजही मिळतील. पियानो वाजवत चूक न करणारी आई शोधायला वेळ लागेल.

जवळपास लागलं तर छोट्या नाट्यगृहातलाच प्रयोग बघा, आणि वादकांच्या बाजूची खुर्ची घ्या. तेरा-चौदाच्या पुढची मुलं खुशाल न्या. प्रयोग नाही मिळाला तर मूळ संचाचं ध्वनिमुद्रण ऐका, फक्त गाणी पुढे-मागे करू नका, ओळीने ऐका.