मायक्रोबायोलॉजी, बायोटेक की डीएमएलटी?

बारावी सायन्स झाली, नीटमध्ये एमबीबीएसपुरते मार्क पडले नाहीत, पण बायोलॉजी सोडवत नाही. अशा घरांत जून-जुलैमध्ये तीन नावं फिरत असतात: बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी आणि डीएमएलटी, म्हणजे वैद्यकीय लॅब तंत्रज्ञाची पदविका. नातेवाइकांच्या लेखी तिन्ही म्हणजे 'लॅबमधलं काम'. पण पदवी हातात पडल्यावर कोणाला लगेच नोकरी मिळते, कोणाला आणखी दोन वर्षं शिकावंच लागतं आणि कोणाची वाढ कुठे अडते, यात या तिघांमध्ये बराच फरक आहे. मी स्वतः मायक्रोबायोलॉजीकडची, त्यामुळे माझा कल त्या बाजूला आहे हे धरूनच वाचा.

आधी शिकण्याविषयी. मायक्रोबायोलॉजी हा हाताने शिकायचा विषय आहे. पहिल्या वर्षाचं ग्रॅम स्टेनिंगच घ्या, म्हणजे जिवाणू रंगवून त्यांचे जांभळे आणि गुलाबी असे दोन गट ओळखणं. काचपट्टीवर जिवाणूंचा पातळ थर पसरायचा, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवून तो पक्का करायचा, मग क्रिस्टल व्हायोलेट, आयोडिन, अल्कोहोल आणि शेवटी सॅफ्रानिन. अल्कोहोल काही सेकंद जास्त राहिलं की जे जांभळे दिसायला हवेत ते गुलाबी दिसतात आणि निष्कर्ष साफ उलटा जातो. पुस्तक पाठ असूनही हे चुकतं. पन्नास स्लाइड केल्या की बसतं. माध्यम, म्हणजे जिवाणूंचं खाद्य, तयार करणं, ते ऑटोक्लेव्ह या वाफेच्या दाबपात्रात 121 अंशांवर 15 मिनिटं निर्जंतुक करणं, प्लेटवर रेघा ओढून एकेक वसाहत, म्हणजे जिवाणूंचा डोळ्यांना दिसणारा ठिपका, सुटी करणं, हे सगळं तीन वर्षांत अंगवळणी पडतं. उद्योगाला नेमकं हेच हवं असतं.

बायोटेकचा आवाका मोठा. पेशीशास्त्र, जनुकशास्त्र, प्रतिकारशास्त्र, टिश्यू कल्चर, बायोइन्फर्मॅटिक्स, थोडं स्टॅटिस्टिक्स. मायक्रोबायोलॉजी त्यातला एक भाग. ज्याला डीएनएचं वेड आहे त्याला हे शिकताना मजा येते. अडचण अशी की त्याची रसायनं आणि यंत्रं महाग. अनेक कॉलेजांत पीसीआर या डीएनएच्या प्रती काढणाऱ्या यंत्राभोवती अख्खी बॅच उभी राहते आणि नळीला हात एखाद्याचाच लागतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: एम.एस्सी. करायचंच हे घरात ठरलेलं असेल तरच बायोटेक घ्या. नुसत्या बी.एस्सी. बायोटेकवर नोकरी शोधणारी मुलं शेवटी मायक्रोबायोलॉजीच्याच जागांसाठी अर्ज करताना दिसतात.

डीएमएलटीत रक्त काढण्यापासून कल्चर लावण्यापर्यंत (नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहण्यापर्यंत) सगळं दवाखान्याच्या गरजेपुरतं शिकवतात. लवकर कमावतं व्हायचं असेल तर ही वाट चांगली आहे आणि ती कमी लेखू नये. सरकारी रुग्णालयांतल्या लॅबच्या जाहिरातींतही बहुतेक वेळा हीच अर्हता मागतात, त्यामुळे बी.एस्सी. मायक्रोनंतर डीएमएलटी करणारेही पुष्कळ. एक गोष्ट मात्र पालकांनी नीट समजून घ्यावी. रुग्णालयातला 'मायक्रोबायोलॉजिस्ट' हा बहुधा एमबीबीएसनंतर एमडी केलेला डॉक्टर असतो. कल्चर तुम्ही लावाल, मुलर-हिंटन अगार या माध्यमावर अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवून कोणतं औषध लागू पडतंय ते मोजाल, पण रिपोर्टवर सही डॉक्टरांची.

आता बी.एस्सी. मायक्रोवर सर्वांत जास्त नोकऱ्या देणारी जागा, फार्माची क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीची, लॅब. पुण्यात लस बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट आहे, छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात आणि गोव्यात वेर्ण्याला औषध कंपन्या आहेत. इंजेक्शनची एक बॅच निर्जंतुक आहे का, हे पाहायला नमुने दोन वेगळ्या माध्यमांत 14 दिवस ठेवावे लागतात आणि त्यांवर लक्ष ठेवणारा माणूस आपलाच असतो. क्लीन रूममध्ये हवेसाठी उघड्या प्लेटा ठेवायच्या, पाण्याचे नमुने घ्यायचे, गाउन घातलेल्या कामगारांच्या हातमोज्यांचे ठसे घ्यायचे. शुद्ध पाण्याची मर्यादा दर मिलिलिटरला 100 वसाहती. इंजेक्शनच्या पाण्याला ती 100 मिलिलिटरमध्ये फक्त 10. आकडा जरा वर गेला की पुढचे कितीतरी दिवस कारण शोधण्यात आणि कागद लिहिण्यात जातात. हे काम शिफ्टमध्ये चालतं, सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि लिखाणाचा ज्याला कंटाळा आहे त्याने इथे येऊ नये. पण दोन-तीन वर्षं नीट केलेल्याला कंपनी बदलून पगार वाढवता येतो, कारण ही परीक्षणं सगळीकडे सारखीच असतात.

फार्मा नको असेल तर दूध संघ, अन्नप्रक्रिया, पाणी तपासणी आणि जैविक खतं आहेत. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत यीस्टवर सगळा खेळ चालतो. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल टेक्नॉलॉजी शिकता येते. ऊसपट्ट्यातल्या मुलांना घराजवळ नोकरी देणारी ही वाट फार थोड्यांच्या लक्षात येते. सरकारी बाजूला अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदाला मायक्रोबायोलॉजीची पदवी चालते, बायोटेकचीही. औषध निरीक्षक मात्र बी.एस्सी.वर होता येत नाही, तिथे मुख्यतः फार्मसीची पदवी लागते.

संशोधनाकडे वळलात की मायक्रो आणि बायोटेक पुन्हा एका रांगेत येतात. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला दोघांचा पेपर एकच, लाइफ सायन्सेस. जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता. पुण्यात राहणाऱ्याला तर हे क्षेत्र दारातच आहे: 1952 पासूनची राष्ट्रीय विषाणू संस्था, विद्यापीठाच्या आवारातलं पेशीविज्ञानाचं केंद्र एनसीसीएस, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला (एनसीएल) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह, आघारकर संस्था. मुंबईत परळला हाफकिन संस्था. 1897 साली मुंबईतच वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली होती. पण पीएच.डी.ला पाच वर्षं सहज जातात आणि त्यानंतरची कायम जागा उशिरा मिळते. घर तेवढं थांबू शकतं का, हे बारावीतच बोलून घ्यावं.

माझा सल्ला असा. दोन वर्षांत पगार हवा असेल तर डीएमएलटी. तीन वर्षांनी नोकरी आणि पुढे शिकायची वाटही मोकळी हवी असेल तर मायक्रो. आठ-दहा वर्षं शिकायची तयारी असेल आणि जनुकांचीच ओढ असेल तर बायोटेक.

कॉलेज निवडताना माहितीपत्रकावर जाऊ नका, लॅब बघायला मागा. दोन मुलांमागे एक तरी सूक्ष्मदर्शक आहे का? ऑटोक्लेव्ह चालू आहे का? तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला विचारा, माध्यम तुम्ही स्वतः बनवता की लॅब असिस्टंट तयार प्लेटा देतात? 'तयार मिळतात' असं उत्तर आलं तर दुसरं कॉलेज बघा.