नववीच्या वर्गातील इंग्रजी पुस्तकपेटी : एका शैक्षणिक वर्षाच्या वापरानंतर

अंबाजोगाई तालुक्यातील ज्या शाळेत मी इंग्रजी शिकवते, तेथे गेल्या जूनपासून नववीच्या वर्गाची शनिवार सकाळची एक तासिका विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या निवडीच्या वाचनासाठी राखून ठेवली आहे. ३५ मिनिटे पाठ्यपुस्तक बंद राहते, प्रत्येकाच्या हातात त्याने स्वतः पेटीतून उचललेले इंग्रजी पुस्तक असते आणि ते आवडले नाही तर अर्ध्यावर सोडून दुसरे घेण्याची मुभा असते. अशा वाचनाचे महत्त्व शिक्षकांच्या प्रशिक्षणांत पुष्कळदा सांगितले जाते. परंतु ती पुस्तके आणायची कोठून आणि आणल्यावर त्यांपैकी कोणती खरोखर उचलली जातात, हे तेथे फारसे कोणी सांगत नाही. मुकुंदराज आणि दासोपंत या संतकवींच्या अंबाजोगाईत मराठी ग्रंथांची वानवा नाही, पण चौदा वर्षांच्या मुलाला झेपेल असे इंग्रजी गोष्टीचे पुस्तक मागितले, तर दुकानदार गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच पुढे करतो. त्यामुळे माझी पेटी तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून भरावी लागली आणि हा अभिप्राय त्या तिन्हींविषयी आहे.

वर्गात ५२ विद्यार्थी आहेत. शाळा मराठी माध्यमाची असल्याने इंग्रजी ही त्यांची तृतीय भाषा आहे आणि अनेकांच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज इंग्रजीचे एकही छापील पान नाही. पुस्तकाची माझी कसोटी साधी होती : एकाने परत केल्यावर दुसऱ्या कोणी ते आपणहून उचलले का? लेखकाची कीर्ती, छपाईचा दर्जा किंवा मला स्वतःला ते किती आवडले, यांना मी गुण दिले नाहीत. भाषेच्या अवघडपणासाठी पहिल्याच शनिवारी मुलांना पाच बोटांची युक्ती शिकवली. मधले कोणतेही पान उघडायचे, न समजलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचे आणि पान संपण्याआधी मूठ मिटली तर पुस्तक ठेवून द्यायचे. ही युक्ती पोरखेळ वाटते, परंतु शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००० मध्ये जो निष्कर्ष मांडला, त्याच्याशी ती चांगली जुळते. कोणाच्या मदतीवाचून मजकूर नीट समजायचा असेल, तर त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द आधीच ओळखीचे असावे लागतात, असे त्यांना आढळले होते. म्हणजे ५० शब्दांत एक अनोळखी, आणि २५० शब्दांच्या पानावर नेमके पाच.

या कसोटीवर सर्वांत वाईट ठरली ती किलोवर घेतलेली पुस्तके. छत्रपती संभाजीनगरात भरलेल्या जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या एका प्रदर्शनातून मी १२ किलो पुस्तके आणली आणि त्या दिवशी मला फार मोठा सौदा साधल्याचा आनंद झाला होता. घरी येऊन मोजली तर ४६ भरली. त्यांपैकी बऱ्याच पुस्तकांवर परदेशी शाळांच्या ग्रंथालयांचे शिक्के होते, काही मालिकांचे तिसरे आणि पाचवे भाग होते पण पहिला नव्हता, आणि एक तर वजन कमी करण्याच्या पाककृतींचे निघाले. दोष विक्रेत्याचा म्हणता येणार नाही. वजनावर घेतलेल्या मालात निवड करायला मीच पुरेसा वेळ दिला नाही. या कादंबऱ्यांत मुठी पहिल्याच परिच्छेदात मिटत होत्या. तरीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. याच ढिगातील ट्रॅक्टरांचे एक सचित्र पुस्तक आणि सापांविषयीचे दुसरे, ही दोन पुस्तके वर्षभर पेटीत क्वचितच दिसली. ज्या मुलाने कथेचे एकही पुस्तक पूर्ण केले नव्हते, त्याने ट्रॅक्टरच्या पुस्तकातील चित्रांखालच्या ओळी वहीत उतरवून घेतल्या. शिक्षक म्हणून आपण वाचन म्हणजे गोष्ट असे धरून चालतो, आणि माहितीपर पुस्तकांची भूक आपल्या लक्षातच येत नाही.

माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या देणगीतून घेतलेली ऑक्सफर्ड बुकवर्म्स मालिकेची ३० पुस्तके मात्र पेटीचा कणा ठरली. या मालिकेतील पुस्तके पायऱ्यांनुसार लिहिलेली असून पहिल्या पायरीसाठी ४००, दुसरीसाठी ७००, तिसरीसाठी १,००० आणि शेवटच्या म्हणजे सहाव्या पायरीसाठी २,५०० मूळ शब्दांची मर्यादा पाळलेली असते. तिचे वैशिष्ट्य असे की भाषा सोपी केली तरी विषय लहान मुलांचा केलेला नाही : खून, भुते, तुरुंगातून पलायन, प्रेमभंग हे सर्व ४०० शब्दांच्या आवाक्यात येते. आमच्या मुलांची अडचण हीच होती, की त्यांचे वय नववीचे आणि इंग्रजी चौथी-पाचवीचे. या दोहोंना एकाच पानावर आणणारी पुस्तके आपल्याकडे फार कमी आहेत. मी पहिल्या आणि दुसऱ्या पायरीची पुस्तके अधिक घेतली, हे योग्य ठरले. चौथ्या पायरीची घेतलेली तीन पुस्तके वर्गातील दोनच मुलींनी वाचली. पुस्तकाच्या शेवटी दिलेले प्रश्न आणि उपक्रम अभ्यासवर्गासाठी उपयुक्त असतीलही, परंतु मुक्त वाचनात ते आड येतात. प्रश्न दिसले की मुले आपोआप उत्तरे शोधू लागतात आणि मधली पाने गाळतात, म्हणून ती शेवटची पाने मी सरळ पिना मारून बंद केली.

तिसरा स्रोत मुलांची पुस्तके काढणाऱ्या 'प्रथम बुक्स' या संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळाचा. सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावरील गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असल्याने त्या विनामूल्य उतरवून घेता येतात, छापता येतात आणि भाषांतरितही करता येतात. येथेही चार स्तर आहेत. मी दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तराच्या २५ गोष्टी उतरवून गावातील झेरॉक्सच्या दुकानात छापून, शिवून घेतल्या. रंगीत चित्रे काळी-पांढरी झाली, हा माझ्या खर्चाच्या मर्यादेचा परिणाम. मोठा फायदा असा, की अनेक गोष्टी मराठीतही उपलब्ध असल्याने ज्यांचे इंग्रजी फारच कच्चे आहे, त्यांना आधी मराठी आणि मग तीच गोष्ट इंग्रजीत देता येते. परंतु पहिल्या महिन्यात या पुस्तकांना कोणी हात लावला नाही. मागच्या बाकावरील एकाने कारण स्पष्ट सांगितले, "मॅडम, हे तर बारक्या लेकरांचं हाय." मजकूर त्याला कठीण जात होता, हे त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक होते, आड येत होते ते चित्रांमुळे होणारे हसू. त्यावर मी फक्त एक चिठ्ठी पेटीला लावली : ही पुस्तके घरी धाकट्या भावंडांना वाचून दाखवण्यासाठी आहेत. पुढच्या शनिवारी ११ प्रती गेल्या. धाकटे भावंड नसलेल्यांनीही नेल्या, आणि मी त्याबद्दल कोणालाही विचारले नाही.

पुस्तकांच्या जोडीला घेतलेल्या उपक्रमांपैकी पुस्तक-परीक्षण लिहून आणणे हा उपक्रम साफ फसला, कारण दिवाळीपर्यंत सर्व परीक्षणांची पहिली ओळ सारखीच येऊ लागली होती. तोंडी एका मिनिटात मित्राला पुस्तक सुचवणे मात्र टिकले. त्यात मराठी चालेल असे सांगितल्यावर तर मुले मिनिटावर थांबेनात. माझी स्वतःची एक चूक येथे नोंदवते. पहिले दोन महिने मी या तासिकेत वह्या तपासत बसे, आणि वर्ग शांत आहे म्हणजे वाचतो आहे, असे समजत असे. नंतर लक्षात आले, की अनेक पाने एकाच लयीत उलटली जात होती. अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन समितीने २००० मध्ये म्हटले होते, की मुलांना नुसते मूकवाचनाला उत्तेजन दिल्याने वाचन सुधारते, याला उपलब्ध अभ्यासांत पुरेसा आधार सापडत नाही. हा निष्कर्ष पुष्कळांना खटकतो. वह्यांच्या गठ्ठ्याआडून पाहिलेला माझा वर्ग आठवला, की मला तो खटकत नाही. सप्टेंबरपासून मी स्वतः पुस्तक घेऊन बसू लागले आणि प्रत्येक शनिवारी चार-पाच मुलांजवळ जाऊन, कुठे आलास, पुढे काय होईल असे वाटते, एवढेच विचारू लागले. मुख्याध्यापकांना परीक्षेची चिंता होती. लेखी पेपरात न वाचलेला उतारा असतो, हे दाखवून दिल्यावर त्यांनी वर्षभर तरी हरकत घेतली नाही.

पेटीचे जे वेळापत्रक मी कागदावर आखले होते, ते दिवाळीनंतर कोलमडले. उचल म्हणजे आगाऊ मजुरी घेतलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांवर निघाल्या, आणि वर्गातील काही मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ राहिली, तरी तिघे आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेले. नियमाप्रमाणे पुस्तक पंधरा दिवसांत परत यायला हवे होते. नियम बाजूला ठेवून मी तिघांना प्रत्येकी दोन पुस्तके दिली. गुढीपाडव्याच्या सुमारास सहापैकी चार परत आली. पहिल्या पायरीची एक भूतकथा राहिली, ती ऊसतोडीच्या तळावर शेजारच्या पालात, म्हणजे झोपडीत, राहणाऱ्या दुसऱ्या तालुक्याच्या मुलीने मागून घेतल्याचे कळले, आणि एक पावसात भिजून गेले. नोंदवहीत मी दोन्हींपुढे 'दिले' असा एकच शेरा लिहिला.

पेटीत सर्व मिळून १०१ पुस्तके होती. फिजीतील ग्रामीण शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई या संशोधकांनी इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या मुलांच्या वर्गांना प्रत्येकी सुमारे २५० सचित्र गोष्टींची पुस्तके पुरवली होती, आणि त्यांच्या १९८३ च्या अहवालात अशा वर्गांच्या वाचनातील प्रगतीचा वेग पहिल्या वर्षी इतरांच्या दुप्पट असल्याचे नोंदवले आहे. आमचा आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि त्यातील निम्मी पुस्तके निरुपयोगी, हे धरले तर निवडीचे स्वातंत्र्य मुलांना मी वाटते तेवढे देऊ शकलेले नाही. येत्या जूनची यादी तयार आहे : किलोच्या बाजारातून फक्त वाहने, प्राणी आणि यंत्रे, तीही प्रत्येक पान चाळून, स्टोरीवीव्हरच्या आणखी ४० छापील प्रती, आणि बुकवर्म्सची नवी शीर्षके घेण्याऐवजी पहिल्या पायरीच्या आठ जुन्याच पुस्तकांच्या दोन-दोन जादा प्रती, कारण एका मिनिटाची शिफारस ऐकून चार हात वर होतात आणि पेटीत ते पुस्तक एकच असते.