जुन्या फोटोतला चौक ओळखायला कॅनन लाइड ४०० स्कॅनर कितपत पुरतो?

आकाशात ट्रामची तार दिसते की नाही, एवढ्यावर मुंबईच्या जुन्या फोटोचं वय पंचवीस-तीस वर्षांनी मागेपुढे होतं. घोड्याची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली, विजेची ७ मे १९०७ ला. रस्त्यात रूळ आहेत, पण वर तार नाही आणि कडेला तारेचे खांबही नाहीत, तर फोटो या दोन सालांच्या मधला. ही तार सहा बाय चार इंचांच्या प्रिंटवर केसाएवढी बारीक असते. ३०० डीपीआयवर (एका इंचात ३०० ठिपके) एक पिक्सेल ०.०८५ मिलिमीटरचा, म्हणजे तारेपेक्षा जाड. तार आकाशात विरून जाते. १२०० डीपीआयवर पिक्सेल ०.०२१ मिलिमीटरचा होतो आणि तार सलग उमटते. स्कॅनर हवा तो याच कामासाठी, आणि लाइड ४०० ते चोख करतो.

खोक्यावर ४८०० डीपीआय लिहिलंय, त्याला भुलू नका. सहा बाय चारचा फोटो १२०० वर साडेतीन कोटी पिक्सेलच्या आसपास जातो. ४८०० वर पंचावन्न कोटींच्या वर. कागदावरच्या प्रिंटमध्ये तेवढा तपशील मुळात नसतोच, फक्त कागदाचे तंतू मोठे दिसतात. साध्या प्रिंटला ६००, काचेच्या निगेटिव्हवरून थेट छापलेल्या जुन्या प्रिंटला १२००. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीत करा: पिवळेपणा, डाग, गडद भागावरची चांदीची झिलई यांवरून छपाईचा प्रकार कळतो. फाइल टिफमध्ये ठेवा, त्यात तपशील गळत नाही. जागा वाचवायला फाइल दाबणाऱ्या जेपेगमध्ये पाटीच्या अक्षरांभोवती चौकोनी कचरा जमतो आणि इंग्रजी ‘3’ हा ‘8’ वाटू शकतो. सॉफ्टवेअरमधली आपोआप सुधारणा, धूळ काढणं, धार वाढवणं हे सगळं बंद. मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. पेन्सिलीने लिहिलेल्या सालावर मात्र लगेच विश्वास टाकू नये, घरच्या कुणीतरी ते चाळीस वर्षांनी अंदाजाने लिहिलेलं असू शकतं.

आता उणी बाजू. यात सीआयएस पद्धतीचा, म्हणजे काचेला लागून फिरणारा सेन्सर आहे. काचेला चिकटलेलं तेवढंच स्पष्ट, एखादा मिलिमीटर वर उचललेलं धूसर. पुठ्ठ्यावर डकवलेले जुने अल्ब्युमिन (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचे) प्रिंट बहुधा धनुष्यासारखे वाकलेले असतात. मधला भाग लख्ख आणि कडा पुसट, किंवा त्याच्या उलट. झाकण दाबून सपाट करायला गेलात तर वरचा थर तडकतो. अशा फोटोला एप्सन व्ही६०० सारखा सीसीडी (भिंगातून बघणारा, थोडं वर उचललेलंही स्पष्ट टिपणारा) स्कॅनर घ्यावा, नाहीतर कॅमेरा स्टँडला लावून दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे टाकावेत. काचेच्या निगेटिव्हला तर लाइड चालतच नाही, कारण वरून उजेड देणारा दिवाच नाही. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट कॅमेऱ्याने टिपा.

रेशमी पोताच्या कागदावर आणखी एक युक्ती लागते. प्रकाश एकाच बाजूने येतो, म्हणून प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. फोटो १८० अंश फिरवून पुन्हा स्कॅन करा आणि दोन्ही प्रती एकमेकांवर बसवून सरासरी काढा. पोत बराच दबतो. पोस्टकार्ड असेल तर आधी १० पट भिंग लावा. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती हाफटोन, म्हणजे छापखान्यातली ठिपक्यांची छपाई: १२०० वर स्कॅन करून मगच लहान करा. सॉफ्टवेअरमधलं जाळी पुसणारं ‘डीस्क्रीन’ दाबलंत तर जाळीबरोबर पाटीही जाईल.

काळा घोडा चौकाचा फोटो या यंत्राच्या कसोटीला उत्तम. चौथऱ्यावर घोडा आणि स्वार दोघे असतील तर काळ १८७९ ते १९६५. त्यानंतर पुतळा राणीच्या बागेत गेला. घोडा आहे पण स्वार नाही, तर ते २०१७ चं नवं शिल्प. डेव्हिड ससून लायब्ररी १८७० ची, वॉटसन हॉटेल १८७१ मध्ये उघडलं, त्यामुळे ही दोन्ही दिसली तरी काळ फारसा अरुंद होत नाही. वाहनं जास्त कामाची: दुमजली ट्राम १९२० नंतरची, बस १९२६ नंतरची, दुमजली बस १९३७ नंतरची, आणि चालू ट्राम असेल तर मार्च १९६४ च्या आतला. दुकानाच्या पाटीवर सहा आकडी पिनकोड असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरचा. नुसतं ‘मुंबई १’ असेल तर बहुधा आधीचा. रस्त्याचं नाव वाचता आलं तर एस्प्लनेड रोड म्हणजे आजचा महात्मा गांधी रोड, रॅम्पार्ट रो म्हणजे के. दुभाष मार्ग, फोर्ब्स स्ट्रीट म्हणजे डॉ. व्ही. बी. गांधी मार्ग.

दोन सापळे. निगेटिव्ह उलटं छापलं गेलं की चौक आरशातला होतो. पाटीची अक्षरं बघा, ती वाचता येत नसतील तर गाड्या डावीकडून चालल्यात का ते बघा. आणि तार नाही म्हणून घाई नको: पोस्टकार्डवाले सुंदर दिसावं म्हणून तारा खोडत असत. खांब सहसा राहून जातात. शिवाय कार्डावरचा टपालाचा शिक्का कार्ड कधी धाडलं ते सांगतो. फोटो त्याच्या दहा वर्षं आधीचाही असू शकतो.

सावलीबद्दलही एक. ‘दुपारी सावली उत्तरेला’ हा नियम मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत चालत नाही. त्या काळात मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. पावसाळ्यातल्या उघडिपीच्या फोटोत यामुळे अख्खा चौक उलट्या दिशेला लावला जातो.

मोबाइलमधल्या ‘फोटो सुधारा’ ॲपशी तुलना होईलच, म्हणून सांगतो: ती ॲप्स पाटीवरचं अस्पष्ट अक्षर वाचत नाहीत, स्वतःच्या मनाने नवीन रचतात. आजीचा चेहरा भिंतीवर लावायला ती बरी, पाटी वाचायला नाहीत. सपाट प्रिंट आणि पोस्टकार्डं असतील तर लाइड ४०० बिनधास्त घ्या. वजनाने हलका, यूएसबीवरच चालतो, वेगळा अडॅप्टर लागत नाही. पेटीत वाकलेले पुठ्ठे जास्त असतील तर पैसे साठवून व्ही६०० सारखा सीसीडीच घ्या. काचेच्या मोठ्या निगेटिव्ह मात्र व्ही६०० च्या अरुंद दिव्याखाली पूर्ण बसत नाहीत.