नारळाची गुडगुडी: सात महिने वापरल्यावर

बंगाली पद्धतीच्या या हुक्क्याचे भाग तीनच. खाली नारळाचा 'खोल', त्यात उभी लाकडी नळी म्हणजे 'नलचे' आणि नळीच्या डोक्यावर मातीची 'कलके', म्हणजे आपली चिलीम. एखाद्या गोष्टीचा पार कायापालट केला की बंगालीत 'खोल-नलचे बदललं' असं म्हणतात. सात महिन्यांत इथे खोल एकदा बदलावा लागला, चिलमी तीन गेल्या, नळी मात्र पहिलीच टिकून आहे. पॉलिश आणि पितळी कड्या पाहून भुलणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की ही वस्तू सांध्यांवर चालते.

आधी खोल. तो चांगला असेल तर निम्मं काम झालं. नारळ पूर्ण पिकलेला, जुना, जाड करवंटीचा लागतो. सोलून, काथ्या काचेच्या तुकड्याने खरवडून काढतात. तीन डोळ्यांपैकी मऊ डोळा फोडून पाणी ओततात आणि भोक नळीच्या जाडीइतकं, साधारण दोन सेंटिमीटर, मोठं करतात. मग नारळ सावलीत वाळू द्यायचा. खोबरं आकसून करवंटीपासून सुटलं की वाकवलेल्या तारेने तुकडे करून काढायचं. इथेच घाई होते. आमच्या पहिल्या खोलात खोबऱ्याची पापडी चिकटून राहिली होती. तिचं तेल खवट झालं आणि तो वास धुराला लागला. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून दोनदा खळबळवल्यावर वास कमी झाला, गेला नाही. शेवटी एप्रिलच्या उन्हात डोळ्यापासून निघणाऱ्या शिरेवर तडा गेला, तेव्हा खोलच बदलला. बारीक तडा असता तर वितळलेली लाख भरून भागलं असतं. हा मात्र पाण्याच्या पातळीच्या खालपर्यंत गेला होता, आणि तिथे लाख फार दिवस धरत नाही.

बाजूचं दुसरं भोक ओढण्यासाठी. ते वरच्या तिसऱ्या भागात हवं, जेमतेम एक सेंटिमीटरचं. जुन्या चालीत तिथे थेट ओठ लावतात. देवनळाच्या पोकळ काडीचा तुकडा बसवला तर सोयीचं होतं. टोक भिजून चिरतं, म्हणून महिन्या-दीड महिन्याने नवा तुकडा लावायचा. दुसऱ्याला द्यायची वेळ आली तर प्रत्येकाचा तुकडा वेगळा ठेवावा. एकाच नळीला सगळ्यांनी तोंड लावणं हा क्षयरोगासारखे आजार पसरवायचा राजमार्ग आहे.

नळी शिसवीची, २८ सेंटिमीटर लांब, आतली पोकळी आठ-नऊ मिलिमीटर. तिचं टोक खोलाच्या तळापासून दीड सेंटिमीटर वर थांबलं पाहिजे. पाणी त्या टोकावर दोन ते अडीच सेंटिमीटरच चढवायचं. मध्यम खोलात ते साधारण दीडशे मिलिलिटर भरतं, पण पेल्याने मोजू नका, प्रत्येक खोलाचं पोट वेगळं असतं. पाणी जास्त झालं तर ओढायला छातीचा जोर लागतो आणि शेवटी तोंडात घोट येतो. कमी झालं तर गुडगुड बंद, कोरडा गरम धूर थेट घशात. आवाज ऐकत थोडं थोडं घालत गेलं की नेमकी पातळी सापडते.

सांधा बांधायला नळीवर सुती दोरा ओला करून घट्ट गुंडाळतात आणि वरून लाख किंवा मेण-राळ लावतात. तपासायला चिलमीचं तोंड तळव्याने झाकून ओढा. हवा आली तर गळती आहे. साबणाचं पाणी सांध्यावर लावून, देवनळात फुंकर मारली की बुडबुडा कुठे येतो ते दिसतं. बहुतेकदा गळती खाली नसते. चिलमीच्या बैठकीत असते, आणि तिथे ओली चिंधी गुंडाळली की काम होतं. कोळसा पेटत नाही म्हणून तंबाखूला दोष देणाऱ्यांनी आधी हे करून पाहावं.

चिलमीत आधी भोकावर खडा, त्यावर तंबाखू, मग मातीची खापरी, तिच्यावर निखारे. तंबाखू दाबून भरू नये, बोटाने सैल पसरावी. काकवीत मळलेला कडू तंबाखू दहा-बारा ग्रॅम पुरतो. काकवी जास्त झाली की तो जळण्याऐवजी उकळतो आणि नळीत चिकट काळं साचतं. ते दर पंधरवड्याला तारेला चिंधी बांधून काढावं लागतं. निखारे बाभळीचे किंवा करवंटीच्या कोळशाचे उत्तम. काडी लावताच पेटणाऱ्या कोळशाच्या तयार टिकल्यांचा वास शेवटपर्यंत जात नाही. आमच्या तिन्ही चिलमी एकाच कारणाने तडकल्या: धुतलेली चिलीम ओली असतानाच निखारे ठेवले. मातीत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि तिला वाट मिळत नाही.

पितळी हुक्का टिकाऊ, हे खरं. पण कल्हई उडाली की आत हिरवट चढतं आणि खरवडण्यात वेळ जातो. बिदरचे काळे हुक्के, जस्तात थोडं तांबं मिसळून, चांदीच्या तारा ठोकून आणि किल्ल्यातल्या मातीने काळे केलेले, आता संग्रहालयातच शोभतात. नारळ हलका आहे, पण त्याची एक अडचण आहे: कोरडा ठेवला तर तडकतो, ओला ठेवला तर बुरशी येते. प्रत्येक वेळी पाणी ओतून, आतून धुऊन, सावलीत उपडा ठेवावा. महिन्यातून एकदा बाहेरून खोबरेल लावावं. बरेच दिवस पडून असेल तर वापरण्याआधी तासभर पाणी भरून ठेवावं, दोरा फुगतो आणि सांधा आपोआप बसतो.

पाणी धूर गाळतं हा गैरसमज मात्र या वस्तूबरोबर फुकट येतो. ते फक्त धूर गार करतं. निकोटिन आणि कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड सरळ छातीत जातो, म्हणून बंद खोलीत निखारे पेटवायचे नाहीत. महाराष्ट्रात हुक्का पार्लर चालवायला २०१८ पासून बंदी आहे, हेही माहीत असू द्या.

नवी घेताना दोन चिलमी जास्तीच्या मागून घ्या, आणि पैसे देण्याआधी खोलाच्या भोकाला नाक लावून वास घ्या. खवट आला, तर दुसरा नारळ बघा.