पद्मिनीबरोबर चौदा महिने: ४,३०० किलोमीटर, एक फाटका डायफ्राम आणि आंबेडाळ

जुनी फियाट घ्यावी का, असं विचारणारे फोन महिन्याला दोन-तीन तरी येतात. दर वेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

माझी गाडी १९८५ ची प्रीमियर पद्मिनी. मूळची इटालियन फियाट ११०० डी; ती कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनायला लागली आणि पद्मिनी हे नाव तिला सत्तरच्या दशकात मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, मागच्या चाकांना ओढ, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, चारही चाकांना ड्रम ब्रेक, गेअरचा दांडा स्टिअरिंगखाली. मी ती एक लाख चाळीस हजाराला घेतली आणि त्यानंतर तिच्यावर आणखी पंच्याण्णव हजार खर्च केले. हा दुसरा आकडा घरात अजून सत्तरच आहे, तेव्हा वाचणाऱ्यांनी आमच्याकडे चहाला आल्यावर जपून बोलावं.

आधी चांगलं सांगतो. बसायला ही गाडी अजूनही राजेशाही आहे. पुढची सीट सलग, बाकासारखी. काच मोठी, खांब बारीक, त्यामुळे चौकात डावी-उजवीकडचं सगळं दिसतं. आजच्या गाड्यांत खांबाआड अख्खी स्कूटर लपते. एसी नाही, पण पुढच्या दाराची ती तिकोनी काच उलटी फिरवली की वारा थेट छातीवर येतो. साठच्या वेगात ती इतकी खूश असते की ऐंशी करावंसं वाटत नाही. आणि ऐंशी करू नयेच, कारण पुढे थांबायचंही असतं. माझ्या गाडीला पायाचा जोर वाढवणारा ब्रेक बूस्टर नाही. पाय रोवून दाबावा लागतो, आणि पावसात पाण्यातून गाडी काढली की पहिले दोन ब्रेक देवाच्या भरवशावर. पुढे हलकेच ब्रेक दाबत थोडं अंतर चाललं की ड्रम सुकतात. हे मला पहिल्या पावसाळ्यात सिंहगड रस्त्यावर एका टेम्पोच्या मागे कळलं. टेम्पोला काही झालं नाही. मूळचे सीटबेल्टही गाडीत नव्हते, पुढचे दोन बसवून घेतलेत.

मायलेज शहरात दहा, हायवेला तेरा. यापेक्षा जास्त सांगणारा माणूस एकतर गाडी विकायला काढतोय, नाहीतर उतारावर मोजतोय.

आता पेट्रोलचं. हा भाग नीट वाचा, कारण माझा सगळ्यात जास्त मनस्ताप इथेच झाला. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून बसलेला, कॅमवर चालणारा. आत पेट्रोल ओढणारा रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या काळचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. माझा डायफ्राम चौथ्या महिन्यात फुगून फाटला. नाना पेठेत आमचे जे मिस्त्री आहेत, ते पॉइंटचा, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या कळीचा, गॅप ब्लेडच्या पात्यानं जमवतात आणि बहुतेक आजार कानानं ओळखतात. त्यांनी पंप उघडला, वास घेतला आणि म्हणाले, “साहेब, पेट्रोलात आता दारू असते. म्हातारं रबर तर्र होतं.” नवा डायफ्राम, नवे होजपाइप, कार्बोरेटरचा किट असं सगळं एकदम बदललं. तेव्हापासून तक्रार नाही. शिसं असलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं; ते शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीची झीज रोखायचं, त्यामुळे व्हॉल्व्ह सीटही एकदा तपासून घ्या, विशेषतः इंजिनाचं हेड कधी उघडलंच नसेल तर.

दुसरा आजार उन्हाचा. इंजिनाच्या तापानं नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप नुसतीच वाफ ओढत बसतो आणि गाडी दोन आचके देऊन बंद. याला औषध म्हणजे ओलं फडकं. पंपावर गुंडाळायचं, वीस मिनिटं थांबायचं, परत चालू.

आमचा एक छोटा गट आहे. रविवारी सकाळी सातला निघायचं, कुठेतरी जाऊन खायचं, दुपारच्या आत परत. आमच्यात माणसं गाडीच्या नावानं ओळखली जातात: अँबॅसेडरवाले काका, (स्टँडर्ड) हेराल्डवाली ताई, (प्रीमियरच्याच) वन-एटीन-एनईवाला. काका निवृत्त बँकवाले. त्यांचं आणि माझं भांडण कायमचं ठरलेलं. ते म्हणतात, अँबॅसेडरमध्ये माणसं मावतात. मी म्हणतो, फियाटमध्ये माणसं पोचतात. हेराल्डवाली ताई दोघांकडेही दुर्लक्ष करून आपलं बॉनेट उघडते. हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खंच पुढे उलटतं, त्यामुळे रस्त्यात जी काही गर्दी जमते ती तिच्याकडेच.

तर गेल्या चैत्रातली गोष्ट. गाडी घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते. वाईला मिसळ, मग पसरणीचा घाट चढून पाचगणी, असा बेत. मिसळीवरून नेहमीचा वाद झाला (माझं मत: पोहे घातलेली मिसळ ही मिसळ नव्हे, आणि हे मत मी मागे घेणार नाही). निघायला साडेदहा वाजले. गाडीत आम्ही चौघं, डिकीत सगळ्यांचे डबे. घाटात पाचव्या-सहाव्या वळणावर पद्मिनीनं ते दोन आचके दिले आणि खाली धोमचं पाणी चकाकत असलेल्या एका कठड्याशी ती उभी राहिली. वर रेडिएटरही उकळायला लागलेला.

मला काहीच सुचेना. काकांनी गळ्यातला पंचा काढला, बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि पंपावर बांधला. वन-एटीन-एनईवाल्यानं दोन चाकांमागे दगड लावले. पिण्याचं पाणी रेडिएटरमध्ये जाऊन संपलं, तरी अजून लिटरभर हवं होतं, आणि त्या भल्या माणसाचा हात पन्ह्याच्या कॅनकडे गेला. काकू रस्त्याच्या पलीकडून ओरडल्या, “अरे, ते माझं चैत्रगौरीचं पन्हं आहे!” कॅन वाचला. पाणी शेवटी मागून आलेल्या एका जीपवाल्यानं दिलं, आणि आंबेडाळीची वाटी घेऊनच तो गेला.

गाडी थंड होईस्तोवर डबे उघडले. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आंबेडाळ, काकडीची कोशिंबीर, आणि ते पन्हं. पाचगणीत जे खायचं होतं ते राहिलंच. वीस मिनिटांचा थांबा दीड तास चालला. त्या दीड तासात काकांनी मला कागदावर लिहून दिलं की डिकीत कायम काय असावं: फॅन बेल्ट, पॉइंट आणि कंडेन्सर, होजच्या क्लिपा, तार, पाच लिटर पाणी, गोणपाटाचा तुकडा. तो कागद अजून ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे, वर डाळीचा तेलकट डाग.

सुट्या भागांची चिंता लोक फार करतात. इंजिनाचं बहुतेक सगळं मिळतं. नाना पेठेत विचारायचं, नाही मिळालं तर रविवारी-बुधवारी जुना बाजार, आणि तिथेही नाही तर कुर्ला. मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत या गाड्या टॅक्सी म्हणून धावत होत्या, त्यामुळे त्यांचं अंतरंग ओळखणारी माणसं अजून हाताशी आहेत. अवघड असतं ते दिसणारं सामान. क्रोमचा बंपर, दाराची हँडलं, मागच्या दिव्याच्या काचा. मी डाव्या दिव्याच्या काचेसाठी पाच महिने फिरलो, आणि ती मिळाली हेराल्डवाल्या ताईच्या गॅरेजात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. तिनं पैसे घेतले नाहीत, उकडीचे मोदक मागितले. एकवीस. आईनं केले.

घेताना गंज बघा, इंजिन नंतर. इंजिन मिस्त्री उभं करतो, पत्रा कोणी उभा करत नाही. दाराच्या खालच्या कडा, पायाखालची जमीन, डिकीतला स्टेपनीचा खड्डा. लोहचुंबक घेऊन जा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. मी नेलं नव्हतं. माझ्या उजव्या मडगार्डात जेवढी पुट्टी निघाली, तेवढ्यात एक खोली लिंपून झाली असती.

कागदपत्रांत पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर लागतो. पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांसाठी व्हिंटेजची वेगळी नोंदणी असते, पण तिच्यात रोज गाडी फिरवता येत नाही. माझीला अजून वेळही आहे. नवी हाय-सिक्युरिटी नंबरपाटी लावून घेतली. तीन अक्षरं-चार आकड्यांचा नंबर त्या चकचकीत पाटीवर फेटा बांधलेल्या माणसाला हेल्मेट घातल्यासारखा दिसतो. पेंटरनं रंगवलेली जुनी पाटी दिवाणखान्यात आहे.

कोणी घ्यावी? ज्याच्याकडे छपराखालचं पार्किंग आहे, घरात दुसरी गाडी आहे, आणि स्कूटरवर जाऊन उचलून आणता येईल इतक्या अंतरावर मिस्त्री आहे, त्यानं. यातलं तिसरं नसेल तर पहिली दोन असून उपयोग नाही. आणि एकट्यानं घेऊ नका. आधी रविवारचा गट शोधा, दोन-तीन वेळा दुसऱ्याच्या गाडीत मागे बसून जा, डबा न्या.

परवा, यंदाच्या चैत्रात, पुन्हा पसरणीचा घाट झाला. पंपावर मी आधीच ओलं गोणपाट बांधलं होतं. पद्मिनी एकदाही न थांबता त्या कठड्यापर्यंत आली, आणि मागे पाहतो तर अँबॅसेडर नाही. दोन वळणं खाली तिच्या बॉनेटमधून वाफ निघत होती. काका पंचा शोधत होते. काकू शांत उभ्या होत्या. पन्ह्याचा कॅन त्यांनी सकाळी निघतानाच माझ्या डिकीत ठेवला होता.